दूरची मशीद

मिरजेत आमचं घर सतारमेकर गल्लीपासून दोन मिनिटांवर होतं. शाळेतून येताना मी एका कारखान्यात हमखास थांबायचे. कारखाना म्हणजे जेमतेम दहा बाय पंधराची खोली. भिंतीला टांगलेले भोपळे, कोपऱ्यात लाकडाचे तुकडे, सरसाचा वास, आणि खाली बैठक मारून तंबोऱ्याच्या दांडीवर नक्षीची पट्टी बसवणारे चाचा. त्यांच्या डोक्यावर एक कॅलेंडर होतं. त्याचं साल केव्हाच उलटून गेलं होतं, तारखांची पानंही फाडून संपली होती, पण चित्रासाठी ते तसंच ठेवलं होतं. निळ्या भिंतींची अष्टकोनी इमारत आणि वर सोनेरी घुमट.

"ही आमची तिसरी," चाचा सांगायचे. "पहिली मक्केला, दुसरी मदिनेला आणि ही बैतुल मुकद्दसला. मस्जिद-ए-अक्सा." त्याच मशिदीतून पैगंबर मेराजला गेले, म्हणजे थेट आकाशात, हेही तिथेच कळलं. शब-ए-मेराज ही आमच्या गावाच्या नावाची रात्र आहे अशी माझी बरेच दिवस समजूत होती. मिरज आणि मेराज, चौथीतल्या मुलीच्या कानाला फारसा फरक वाटत नाही.

चित्रातली इमारत अक्सा मशीद नव्हे हे मला पुढे कॉलेजात कळलं. सोनेरी घुमटाची ती वास्तू म्हणजे कुब्बत अस-सखरा, खडकावरचा घुमट. ती मशीदच नाही. एका खडकाभोवती बांधलेलं स्मारक आहे. त्याच आवारात दक्षिणेच्या कडेला करड्या, शिशाच्या घुमटाची एक लांबट, दिसायला साधी इमारत आहे. जमातीची नमाज होते ती तिथे. आपल्या वर्तमानपत्रांतही अक्साची बातमी असली की फोटो बहुतेक वेळा सोनेरी घुमटाचाच असतो. चाचांची चूक पकडल्याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता. तो आनंद पुढे टिकला नाही, कारण मुस्लिम परंपरेत तो सगळा पस्तीस एकरांचा चौथरा, त्यावरच्या दोन्ही इमारती, ऑलिव्हची झाडं, पाण्याचे हौद, मदरसे, कमानी, सगळं मिळून अल-मस्जिद अल-अक्सा असं मानलं जातं. करड्या घुमटाच्या इमारतीला वेगळं नाव हवं असेल तर किब्ली मशीद म्हणतात. म्हणजे चाचा चुकले नव्हते. मी अर्धवट शहाणी झाले होते.

'अक्सा' या अरबी शब्दाचा अर्थ सर्वांत दूरची. कुराणाच्या सतराव्या सूरेची पहिलीच आयत एका रात्रीच्या प्रवासाबद्दल आहे. अल्लाहने आपल्या दासाला मक्केतल्या पवित्र मशिदीपासून, जिच्या आसपासचा प्रदेश त्याने मंगल केला आहे अशा, दूरच्या मशिदीपर्यंत नेलं, असा तिचा आशय. आयतीत जेरुसलेमचं नाव नाही. ती दूरची मशीद जेरुसलेमची, हे परंपरेने सांगितलं आणि मुस्लिम जगाने ते जवळपास एकमुखाने मानलं. परंपरेनुसार हा प्रवास हिजरतच्या थोडा आधी, म्हणजे साधारण ६२१ साली घडला. आता गंमत अशी, की त्या वर्षी जेरुसलेममध्ये मशिदीची इमारत नव्हती. इस्लामच अजून मक्केबाहेर फारसा पोचला नव्हता. शहर तेव्हा इराणच्या सासानी फौजांच्या ताब्यात होतं आणि ज्यूंचं दुसरं मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडल्यापासून तो चौथरा बहुतांशी ओसाडच होता. मशीद म्हणजे मुळात सजदा करण्याची जागा. भिंती आणि छप्पर नंतर आलं.

त्या रात्री दोन गोष्टी झाल्या असं मानतात. पहिली इस्रा, म्हणजे मक्का ते जेरुसलेम, बुराक नावाच्या प्राण्यावरून. दुसरी मेराज, म्हणजे तिथल्या खडकावरून सात आकाशं ओलांडून वर जाणं. वर जाण्याआधी पैगंबरांनी त्याच जागी पूर्वीच्या सगळ्या पैगंबरांना, इब्राहिम, मूसा, ईसा यांना, मागे घेऊन नमाज पढवली. रोजची पाच वेळची नमाजही त्याच भेटीतून मिळाली. आधी पन्नास ठरल्या होत्या. मूसांच्या सल्ल्यावरून पैगंबर पुन्हा पुन्हा वर गेले आणि त्या पाचावर आल्या. ही कथा मला फार माणसाळलेली वाटते. घासाघीस केलेली, आणि शेवटी लाज वाटून थांबलेली.

त्याहूनही ठोस नातं किब्ल्याचं आहे. सुरुवातीला मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. मदिनेत आल्यानंतरही सोळा-सतरा महिने तेच चालू होतं. मग हिजरी सन २ मध्ये, म्हणजे ६२४ साली, मक्केच्या काब्याकडे वळण्याची आज्ञा झाली. मदिनेहून जेरुसलेम उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला. म्हणजे दिशा थोडीशी बदलली असं नाही, माणसं पूर्ण पाठमोरी फिरली. मदिनेत मस्जिद अल-किब्लतैन, दोन किब्ल्यांची मशीद, या नावाची मशीद आजही आहे; नमाज चालू असतानाच ही आज्ञा आली आणि सगळी रांग जागच्या जागी वळली अशी तिची आठवण सांगतात. (मिरजेहून पाहिलं तर दोन्ही गावं पश्चिमेलाच. आपल्याकडच्या नमाज्याला मान जरा कलती करावी लागली असती इतकंच.) मुद्दाम प्रवास करून जावं अशा तीनच मशिदी, हे हदीसमधलं वचन चाचांच्या 'तिसरी'मागे होतं.

आता इमारतीकडे. इथे माझी पहिली निराशा झाली होती, कारण मला प्राचीन काहीतरी हवं होतं आणि त्या इमारतीत सलग प्राचीन असं फार थोडं आहे.

खलिफा उमर यांच्या काळात, ६३७-३८ च्या सुमारास, शहर मुसलमानांकडे आलं. उमर यांनी चौथऱ्यावरचा कचरा काढायला लावला, स्वतःही हात लावला, असं सांगतात. त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी आर्कुल्फ नावाचा ख्रिस्ती यात्रेकरू तिथे गेला. मोडक्या अवशेषांवर तुळया टाकून उभारलेलं ओबडधोबड प्रार्थनाघर, तीन हजार माणसं मावतील एवढं, असं त्याने पाहिलं. पुढे उमय्या घराण्याने तिथे पैसा ओतला. खडकावरचा घुमट अब्द अल-मलिकने बांधला. आतल्या लेखात हिजरी ७२ ही तारीख आहे, म्हणजे ६९१-९२. दीडशे वर्षांच्या आत अब्बासी खलिफा अल-मामूनने त्या लेखातलं बांधणाऱ्याचं नाव खोडून स्वतःचं घातलं, पण तारीख बदलायची राहून गेली. आपल्याकडे उद्घाटनाच्या पाट्या बदलणाऱ्यांना हा किस्सा आवडेल.

अक्साची दगडी मशीद अब्द अल-मलिक आणि त्याचा मुलगा अल-वलीद यांच्या काळातली. तिच्या कामासाठी इजिप्तमधून मजूर मागवल्याचे हिशेब पपायरसच्या कागदांवर सापडले आहेत. पण खडकावरचा घुमट खडकावर उभा आहे आणि अक्सा चौथऱ्याच्या भराव घातलेल्या टोकावर. भूकंप आला की घुमट उभा आणि मशीद आडवी. आठव्या शतकाच्या मध्याला ती पडली. अल-मन्सूरकडे दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून त्याने दारांवरचे सोन्याचांदीचे पत्रे उतरवून नाणी पाडली, अशी कथा आहे. ती दुरुस्तीही टिकली नाही. अल-महदीने पुन्हा बांधली. १०३३ च्या भूकंपात परत पडझड झाली. फातिमी खलिफा अज-जाहिरने आधीपेक्षा लहान करून उभी केली. आजच्या इमारतीचा सांगाडा बराचसा त्याचा.

मग क्रुसेड. १५ जुलै १०९९ ला युरोपातून आलेल्या सैन्याने जेरुसलेम घेतलं आणि मशिदीत आश्रयाला आलेल्यांची कत्तल केली. त्यांनी मशीद पाडली नाही, राहायला वापरली. आधी राजाचा वाडा, मग शूर भिक्षूंच्या एका संघटनेचं मुख्यालय. ती जागा म्हणजे सॉलोमनचं मंदिर अशी त्यांची समजूत होती, म्हणून त्या संघटनेला टेम्पलर हे नाव पडलं. ज्या टेम्पलरांवर आजही इतक्या कादंबऱ्या निघतात, त्यांचं नाव असं अक्साच्या आवारातून आलेलं आहे.

आणि इथे ती गोष्ट येते जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

जेरुसलेम क्रुसेडरांच्या हातात असताना, सीरियाचा सुलतान नूरुद्दीन याने अलेप्पोच्या सुतारांना एक मिंबर करायला सांगितलं. मिंबर म्हणजे मशिदीतलं पायऱ्यांचं लाकडी व्यासपीठ. इमाम त्यावर चढून शुक्रवारचा खुतबा देतात. हे मिंबर होतं अक्सासाठी, म्हणजे जी मशीद त्याच्या ताब्यात नव्हती, जिथे तेव्हा शत्रूचे सरदार राहत होते, तिच्यासाठी. त्यावर नूरुद्दीनचं नाव आणि हिजरी ५६४, म्हणजे ११६८-६९, हे साल कोरलं. कारागिरांनी आपलीही नावं कोरली. उंची सुमारे सहा मीटर. हजारो छोटे तुकडे, तारे आणि बहुकोन, खिळा किंवा सरस न वापरता एकमेकांत अडकवलेले, मध्ये हस्तिदंत. नूरुद्दीन ११७४ मध्ये वारला. मिंबर अलेप्पोतच राहिलं. सलादिनने, म्हणजे सलाहुद्दीन अय्यूबीने, २ ऑक्टोबर ११८७ ला शहर घेतलं. तो दिवस हिजरी पंचांगाने २७ रजब होता, मेराजचा मानला जाणारा दिवस. आठवड्याने, ९ ऑक्टोबरला, अठ्ठ्याऐंशी वर्षांनंतरचा पहिला शुक्रवारचा खुतबा झाला. मग सलादिनने अलेप्पोहून मिंबर मागवलं आणि मिहराबच्या बाजूला बसवलं. स्वतःचं नाव न घालता. अल-मामूनच्या तुलनेत हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुढची आठशे वर्षं मी भरभर ओलांडते, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याला थांबावं लागेल. मशीद खचत चालली होती आणि पॅलेस्टाईन इंग्रजांकडे गेलं होतं. दुरुस्तीसाठी तुर्की वास्तुरचनाकार कमालुद्दीन यांना नेमलं आणि पैशांसाठी १९२३-२४ मध्ये एक शिष्टमंडळ हिंदुस्थानात फिरलं. मोठी देणगी दिली हैदराबादच्या निजामाने. तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद निजामाच्या राज्यात होते. म्हणजे अक्साच्या तुळयांमध्ये आमच्या मराठवाड्यातल्या ज्वारी-कापसाच्या साऱ्याचाही थोडा भाग असणार, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. १९२७ मध्ये पुन्हा भूकंप. १९३८ ते ४२ च्या दुरुस्तीत खांबांसाठी इटलीचा संगमरवर मुसोलिनीने दिला आणि छताचा खर्च इजिप्तच्या राजा फारूकने केला. देणाऱ्यांची यादी पाहिली की देणगी म्हणजे भक्ती असं म्हणायला जीभ रेटत नाही.

खिलाफत चळवळीतले मौलाना मुहम्मद अली ४ जानेवारी १९३१ ला लंडनमध्ये वारले. गोलमेज परिषदेत, गुलाम देशात परत जाणार नाही, स्वातंत्र्य द्या नाहीतर इथेच कबरीला जागा द्या, असं ते बोलले होते. त्यांना दफन केलं ते अक्साच्या आवाराच्या पश्चिम कडेला.

१९६७ च्या युद्धात पूर्व जेरुसलेम इस्रायलने घेतलं. घुमटावर चढवलेला झेंडा मोशे दायानने उतरवायला लावला आणि आवाराचा कारभार मुस्लिम वक्फकडेच ठेवला. बाहेरचा बंदोबस्त इस्रायलचा. त्याच दिवसांत पश्चिम भिंतीला लागून असलेली मगरिबी वस्ती पाडून प्रार्थनेसाठी पटांगण केलं गेलं. ज्यूंसाठी ती भिंत म्हणजे त्यांच्या मंदिराच्या परिसराचा उरलेला आधार. मुसलमानांसाठी तीच बुराक बांधलेली भिंत. चौथरा ज्यूंचं सर्वांत पवित्र स्थान. तो इतका पवित्र, की तिथे पाऊल टाकू नये असं मुख्य रब्बींचं फर्मान प्रवेशदाराशी लावलेलं आहे, आणि ते न मानणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढते आहे. दोन्ही बाजूंची श्रद्धा खरी आहे. एकाची सांगताना दुसऱ्याची खोटी ठरवायची गरज मला कधी पटली नाही, पण तिथलं राजकारण नेमकं त्यावरच चालतं.

२१ ऑगस्ट १९६९ ला सकाळी डेनिस मायकल रोहन हा अठ्ठावीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती पर्यटक मशिदीत शिरला. मशीद गेली की तिथे मंदिर उभं राहील आणि येशूचं पुनरागमन जवळ येईल अशी त्याची धारणा होती. त्याने पेटवायला जागा निवडली ती मिंबरची. आठशे वर्षांचं वाळलेलं लाकूड. नूरुद्दीनचं मिंबर जवळपास सगळं जळून गेलं, छताचा काही भागही. न्यायालयाने रोहनला वेडा ठरवून इस्पितळात ठेवलं.

आगीची झळ कुठवर गेली पाहा. ऑगस्टच्या अखेरीस अहमदाबादेत निषेधाचा मोठा मोर्चा निघाला. १८ सप्टेंबरला तिथे दंगल पेटली ती जगन्नाथ मंदिराजवळच्या वेगळ्याच झटापटीवरून, पण शहर तोवर तीन आठवडे तापत होतं. सरकारी आकड्याप्रमाणे ६६० माणसं मेली. त्याच आठवड्यात मोरोक्कोत रबातला मुस्लिम देशांची परिषद भरली, जिच्यातून इस्लामी देशांची संघटना निघाली. भारतालाही बोलावलं होतं. फख्रुद्दीन अली अहमद शिष्टमंडळ घेऊन गेले. पाकिस्तानच्या याह्याखानांनी अहमदाबादचं कारण दाखवून भारतासोबत बसायला नकार दिला आणि आपल्या मंडळींना बाहेर राहावं लागलं. जेरुसलेममधली आग, अहमदाबादमधली प्रेतं आणि रबातमधली रिकामी खुर्ची, हे सगळं पाच आठवड्यांत.

मिंबरच्या जागी साधं व्यासपीठ आलं. तसंच दुसरं करायचं ठरलं, पण मूळ नकाशे नव्हते आणि ते अडकवण्याचं तंत्र जाणणारे उरले नव्हते. जुनी छायाचित्रं आणि काही जळके तुकडे एवढंच हाताशी. मिन्वर अल-मेहिद या अभियंत्याने छायाचित्रांवरून त्या नक्षीची भूमिती उलगडून आराखडे केले. मग जॉर्डनमधल्या सॉल्टच्या विद्यापीठात वेगवेगळ्या देशांचे कारागीर जमले. जॉर्डनचे, तुर्कस्तानचे, अगदी इंडोनेशियाचेसुद्धा. अक्रोडाचं लाकूड, आबनूस, हस्तिदंत. १६,००० हून जास्त तुकडे, खिळा नाही. २००७ मध्ये ते अक्सात नेऊन बसवलं. पहिलं मिंबर जागेवर जायला अठरा वर्षं थांबलं होतं. दुसऱ्याला अडतीस लागली.

२०१८ च्या मार्चमध्ये कामासाठी तेल अवीवला गेले होते, तेव्हा एक दिवस काढून जेरुसलेमला गेले. मुसलमान नसलेल्यांना आवारात जायला एकच दार, मगरिबी. तेही सकाळी आणि दुपारी थोडाच वेळ. लाकडी उतरंडीवरून चढून, तपासणी करून आत गेले. उजवीकडे करडा घुमट, डावीकडे दूर कॅलेंडरातला सोनेरी. दोन्ही इमारतींत आम्हाला प्रवेश नाही. सात कमानींच्या ओवरीपासून जरा अंतरावर उभी राहून मी उघड्या दारातून आत पाहायचा प्रयत्न केला. गालिच्याचा लाल रंग दिसला, खांब दिसले, पुढे अंधार. मिंबर पार टोकाला, ते दिसणं शक्यच नव्हतं. हौदाच्या कठड्याशी दोन म्हातारे पाय धूत होते. पोरं फुटबॉल खेळत होती. जळक्या मिंबरचे उरलेले तुकडे तिथल्याच इस्लामी संग्रहालयात आहेत. तेही आम्हाला बंद. थोड्या वेळाने पहारेकऱ्यांनी वेळ संपल्याचं सांगत सगळ्यांना बाहेर काढलं.

त्या रात्री चाचांना व्हिडिओ कॉल लावला. ते आता कारखान्यात बसत नाहीत, मुलगा बघतो.

"आत गेलीस?"

"नाही चाचा. सोडत नाहीत."

"मग काय बघितलंस?"

मी नव्या मिंबरचा नेटवरचा फोटो पाठवला. चष्मा शोधण्यात थोडा वेळ गेला. मग त्यांनी मुलाला हाक मारली, फोटो मोठा करायला लावला आणि बराच वेळ दोघांचीही नुसती कपाळं दिसत होती.

"लाकूड कुठलं?"

"अक्रोड म्हणतात."

"सरस?"

"नाही. खिळापण नाही."

"हां," चाचा म्हणाले. "पावसाळ्यात लाकूड फुगतं ना. सरस असता तर फाटलं असतं." आणि मुलाला म्हणाले, "इकडचा कोपरा मोठा कर जरा."